हार्डवेअरवर चालणारी ऑडिओ प्लगइन्स: ध्वनिमुद्रणापासून अंतिम मिश्रणापर्यंत वापरण्याची पद्धत

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण जी प्लगइन्स, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे जोड-प्रोग्रॅम, लावतो, त्यांतील बहुतेकांचे गणित संगणकाचा मुख्य प्रोसेसर करतो. काही प्लगइन्स मात्र वेगळ्या धाटणीची असतात. त्यांची खिडकी पडद्यावर उघडते आणि बटणेही तिथेच फिरवली जातात, परंतु आवाजावरची प्रत्यक्ष प्रक्रिया संगणकात बसवलेल्या कार्डावर, बाहेरच्या एखाद्या पेटीत किंवा ऑडिओ इंटरफेसमधील (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणातील) डीएसपी चिपवर, म्हणजे ध्वनीच्या गणितासाठी बनवलेल्या चिपवर, होते. युनिव्हर्सल ऑडिओची यूएडी-2 मालिका 2008 मध्ये आली आणि ती शार्क नावाच्या चिपांवर चालते. अ‍ॅव्हिडची प्रो टूल्स एचडीएक्स ही कार्डावर आधारलेली व्यवस्था 2011 मध्ये आली. वेव्हजच्या साउंडग्रिडमध्ये हेच काम नेटवर्कच्या तारेने जोडलेला सर्व्हर करतो.

संगणक दुबळे होते तेव्हा अशा कार्डांचा मुख्य उपयोग त्यांचा भार हलका करणे हा होता. आजचा बरा संगणक डझनावारी कम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारे) आणि इक्वलायझर (खालच्या-वरच्या स्वरांचा तोल बदलणारे) सहज चालवतो, त्यामुळे निव्वळ भार वाटून घेण्यासाठी असे हार्डवेअर घेण्याची निकड पुष्कळ कमी झाली आहे. त्याचे खरे मोल आज वेगळ्याच ठिकाणी आहे: गाणाऱ्याला किंवा वाजवणाऱ्याला स्वतःचा प्रक्रिया झालेला आवाज हेडफोनमध्ये जाणवण्याजोगा उशीर न होता ऐकू येणे. कोणते प्लगइन कुठे लावायचे, हे ठरवताना म्हणूनच सर्वांत आधी वेळेचा हिशोब करावा लागतो. तो हिशोब समजला की पुढच्या बहुतेक पायऱ्या आपोआप सुचतात.

वेळेचा हिशोब

संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, घोटाघोटाने घेतो. या घोटाचा आकार म्हणजे बफर. सॅम्पल रेट, म्हणजे दर सेकंदाला घेतलेल्या आवाजाच्या नमुन्यांची (सॅम्पल्सची) संख्या, 48 किलोहर्ट्झ असेल आणि बफर 256 सॅम्पल्सचा असेल, तर एक घोट भरायला 256 भागिले 48000 सेकंद, म्हणजे सुमारे 5.3 मिलिसेकंद लागतात. आत येताना एक घोट आणि बाहेर जाताना एक घोट धरला की 10.7 मिलिसेकंद झाले. त्यात इंटरफेसमधील कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकड्यांत आणि परत रूपांतर करणाऱ्या भागाचा) आणि ड्रायव्हरने राखून ठेवलेला थोडा वेळ मिळवावा लागतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 10 मिलिसेकंदांत जवळजवळ साडेतीन मीटर. तेवढ्या अंतरावरच्या स्पीकरमधून स्वतःचे वाद्य ऐकणे अनेक वादकांना चालून जाते. गायकाचे तसे नसते. त्याला स्वतःचा आवाज हाडांमधूनही ऐकू येत असतो आणि हेडफोनमधला उशिरा आलेला आवाज त्यात मिसळला की स्वर पोकळ वाटू लागतो. त्यामुळे गायकाची तक्रार वादकाच्या आधी येते आणि ती गांभीर्याने घ्यावी.

आता ट्रॅकच्या इन्सर्टमध्ये (प्लगइन लावण्याच्या जागेत) डीएसपीवर चालणारे प्लगइन लावले, असे समजा. आवाज इंटरफेसमधून आधी सॉफ्टवेअरमध्ये येतो, तिथून कार्डाकडे जातो, प्रक्रिया होऊन पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये परततो आणि मग ऐकण्यासाठी बाहेर पडतो. या जादा फेरीची किंमत बफरच्या मापाने मोजावी लागते; अनेक व्यवस्थांत ती एका घोटाची असते, काहींत त्याहून अधिक. म्हणजेच असे प्लगइन लावल्याने संगणकाचा भार उतरतो, पण विलंब वाढतो. हार्डवेअर घेतले की सगळे तत्काळ ऐकू येईल, या समजुतीने सुरुवात करणाऱ्याची निराशा नेमकी इथे होते.

तत्काळ ऐकू येणारी वाट निराळी आहे. इंटरफेसच्या आतच एक मिक्सर असतो आणि त्याची खिडकी वेगळ्या अ‍ॅपमध्ये उघडते. युनिव्हर्सल ऑडिओच्या अपोलोमध्ये त्याला कन्सोल म्हणतात, आरएमईच्या इंटरफेसमध्ये टोटलमिक्स. या मिक्सरमध्ये लावलेली प्रक्रिया इनपुट आणि हेडफोन यांच्या मधोमध, इंटरफेसमधल्या चिपवरच घडते. आवाज ऐकण्यापुरता संगणक या वाटेत येतच नाही, म्हणून बफर कितीही मोठा ठेवला तरी फरक पडत नाही. अशा वाटेने जाऊन येण्याचा एकूण वेळ साधारणपणे 2 मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतो. एचडीएक्स हा याला अपवाद म्हणावा असा प्रकार आहे, कारण तिथे सॉफ्टवेअरचा मिक्सरच कार्डावर चालतो आणि ध्वनिमुद्रणाच्या ट्रॅकवर लावलेले डीएसपी प्लगइनही फारच थोड्या विलंबाने ऐकू येते.

थोडक्यात, आपल्या हार्डवेअरमध्ये या दोन्ही वाटा आहेत की एकच, हे आधी पाहून घ्यावे. ज्या पेटीला स्वतःचे इनपुट आणि आउटपुट नाहीत, फक्त चिपा आहेत, तिचा उपयोग मिश्रण करताना होईल; ध्वनिमुद्रण चालू असताना तिच्याकडून तत्काळ मॉनिटरिंगची अपेक्षा ठेवता येणार नाही.

पहिली पायरी: जोडणी आणि तपासणी

उपकरण जोडण्यापूर्वी आपल्या कार्यप्रणालीच्या नेमक्या आवृत्तीला ड्रायव्हरचा पाठिंबा आहे का, हे पाहावे. कार्यप्रणालीचे मोठे अद्ययावतन चालू असलेल्या कामाच्या मध्यावर कधीही करू नये. ड्रायव्हर आधी स्थापित करावा, संगणक पुन्हा सुरू करावा, मगच उपकरण जोडावे आणि फर्मवेअर अद्ययावत करायला सांगितले तर ते पूर्ण होऊ द्यावे. थंडरबोल्ट किंवा यूएसबीची तार शक्यतो थेट संगणकाच्या पोर्टमध्ये असावी. मध्ये हब आला की अधूनमधून येणाऱ्या तडतडीचे कारण शोधणे कठीण होते. लॅपटॉप असेल तर वीज वाचवण्याची व्यवस्था बंद ठेवावी.

यानंतर ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर न उघडता आधी उपकरणाचे नियंत्रण पॅनेल उघडावे. तिथे उपकरण दिसते का, त्यातील सगळ्या चिपा मोजल्या जातात का आणि विकत घेतलेल्या प्लगइन्सचे परवाने सक्रिय आहेत का, या तीन गोष्टी पाहाव्यात. मग सॉफ्टवेअर उघडून प्लगइन्सची तपासणी होऊ द्यावी. लॉजिकला ऑडिओ युनिट प्रकार लागतो, प्रो टूल्सला एएएक्स आणि क्यूबेसला व्हीएसटी 3. स्थापित करताना आपल्याला लागणारा प्रकार निवडलेला असेल याची खात्री करावी.

दुसरी पायरी: सॅम्पल रेट, बफर आणि विलंबाची भरपाई

सॅम्पल रेट पहिल्या मुद्रणाआधी ठरवावा आणि मग बदलू नये. 48 वरून 96 किलोहर्ट्झवर गेले की प्रत्येक सेकंदाला दुप्पट सॅम्पल्सवर गणित करावे लागते आणि त्याच चिपवर बसणाऱ्या प्लगइन्सची संख्या साधारण निम्मी होते. डीएसपीच्या चिपा मोजक्या असतात, त्यामुळे हा तोटा इथे विशेष जाणवतो. कामाची स्पष्ट मागणी नसेल तर 48 किलोहर्ट्झवर राहावे आणि वाचलेली ताकद प्रत्यक्ष आवाजासाठी वापरावी, असे माझे मत आहे.

बफर किती ठेवायचा हे कोण काय ऐकत आहे यावर ठरते. कलाकार इंटरफेसच्या मिक्सरमधून ऐकत असेल तर ध्वनिमुद्रणाच्या वेळीही बफर 512 ठेवता येतो. कोणी कीबोर्डवरून आभासी वाद्य वाजवत असेल तर त्याचा आवाज संगणकातच जन्माला येतो. तिथे 64 किंवा 128 शिवाय गत्यंतर नाही आणि त्या वाद्याच्या ट्रॅकवर डीएसपी प्लगइनही त्या वेळी नको.

सॉफ्टवेअरमधील विलंबाची भरपाई चालू आहे का, ते पाहावे. प्रत्येक प्लगइन स्वतःला किती सॅम्पल्स लागतात हे सॉफ्टवेअरला कळवते आणि सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढे मागे ओढून सगळ्यांना एका रेषेत आणते. लॉजिकमध्ये ही भरपाई फक्त ट्रॅकसाठी की बस (अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र येणारी वाट) आणि आउटपुटसह सगळ्यांसाठी, अशी निवड असते. समांतर कम्प्रेशन, म्हणजे मूळ आवाजात त्याचीच दाबलेली प्रत मिसळणे, करणाऱ्याने सगळ्यांसाठीचा पर्याय घ्यावा.

तिसरी पायरी: ध्वनिमुद्रण

माइक लावल्यावर इंटरफेसच्या मिक्सरमध्ये त्याची चॅनेलपट्टी उघडावी आणि प्रीअँपची (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागाची) पातळी आधी बसवावी. सर्वांत मोठ्या आवाजाच्या ओळी म्हणून घ्याव्यात आणि शिखरे शून्याच्या खाली 10 डेसिबलच्या आसपास राहतील इतका गेन द्यावा. त्यानंतरच प्लगइन लावावे, कारण जुन्या उपकरणांचे वर्तन हुबेहूब उतरवणारे कम्प्रेसर येणाऱ्या पातळीनुसार वेगळे वागतात आणि नंतर गेन बदलला की आधी जुळवलेले सगळे विस्कटते. अपोलोमध्ये युनिसन प्रकारचे प्रीअँप प्लगइन त्यासाठी राखलेल्या खास जागेतच लावावे. तिथे लावले तर ते खऱ्या प्रीअँपचा गेन आणि इनपुट इम्पीडन्सही (माइकला जाणवणारा विद्युत रोध) बदलते. साध्या इन्सर्टमध्ये लावले तर हा लाभ मिळत नाही.

इथे एक निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो: प्रक्रिया झालेला आवाज मुद्रित करायचा, की ती फक्त ऐकण्यापुरती ठेवायची. कन्सोलसारख्या मिक्सरमध्ये हा बदल एका बटणाने होतो. प्रीअँपची छटा आणि दोन-तीन डेसिबल दाबणारा हलका कम्प्रेसर मी बेधडक मुद्रित करतो, कारण त्याने गायकाला पुढे-मागे सरकण्याचे भान येते आणि पुढचे काम सोपे होते. स्वर सुधारणारे प्लगइन, गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारे) आणि जड कम्प्रेशन मात्र ऐकण्यापुरतेच ठेवावे. गेटने कापलेले शब्दाचे शेवटचे अक्षर कुठल्याही उपायाने परत येत नाही.

इंटरफेसच्या वाटेने ऐकत असताना सॉफ्टवेअरमधील त्या ट्रॅकचे इनपुट मॉनिटरिंग बंद असलेच पाहिजे. हे वाक्य मी आग्रहाने लिहीत आहे, कारण एकदा एका गायिकेचा आवाज हेडफोनमध्ये सतत पातळ आणि पत्र्यासारखा येत होता आणि आम्ही अर्धा दिवस माइक, तार आणि खोलीतील जागा बदलण्यात घालवला. शेवटी कळले की तिचा आवाज दोन वाटांनी येत होता: एक इंटरफेसमधून लगेच आणि दुसरा सॉफ्टवेअरमधून थोडा उशिरा. असे दोन आवाज मिसळले की काही कंप्रता एकमेकांना खोडतात. विलंब फक्त 1 मिलिसेकंदाचा असला तरी 500, 1500 आणि 2500 हर्ट्झच्या ठिकाणी आणि पुढेही त्याच अंतराने खड्डे पडतात. कान त्याला माइकचा दोष समजतो. आवाज पातळ वाटला की सर्वांत आधी सॉफ्टवेअरमधील ट्रॅक म्यूट करून पाहावा. आवाज लगेच भरीव झाला तर कारण सापडले.

गायकाला हेडफोनमध्ये रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखी घुमणारी गुंज, हवा असतो आणि इंटरफेसच्या चिपेवर जागा उरलेली नसते, असे पुष्कळदा होते. अशा वेळी विलंबच कामी येतो. कोरडा आवाज इंटरफेसमधून ऐकवावा. सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग चालू करून त्याचा फेडर (पातळीची सरकपट्टी) पूर्ण खाली न्यावा, फेडरच्या आधी निघणारा सेंड (आवाजाची प्रत दुसरीकडे पाठवणारी वाट) रिव्हर्बच्या बसकडे न्यावा आणि रिव्हर्बमधील कोरड्या आवाजाचे प्रमाण शून्य करावे. रिव्हर्ब 10 किंवा 15 मिलिसेकंद उशिरा आला तरी कानाला तो खोलीचाच गुण वाटतो. अनेकदा तेवढा पूर्वविलंब आपण मुद्दाम देतो. वर सांगितलेल्या नियमाला हा एकमेव अपवाद आहे आणि तो चालतो तो कोरडा आवाज सॉफ्टवेअरमधून मुळीच बाहेर पडत नाही म्हणूनच.

मास्टर ट्रॅकवर लिनिअर फेज इक्वलायझर किंवा पुढचे आधी वाचणारा लिमिटर असेल तर मुद्रणाच्या वेळी तो पूर्ण निष्क्रिय करावा, कारण त्याचा विलंब सॉफ्टवेअरमधून ऐकू येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लागतो.

चौथी पायरी: मिश्रणात चिपांची वाटणी

मुद्रण संपले की बफर 1024 वर न्यावा. 48 किलोहर्ट्झवर हा घोट 21 मिलिसेकंदांचा आहे, पण आता कोणी गात नसल्याने भरपाई सगळे सांभाळून घेते आणि डीएसपी प्लगइन्स मोकळेपणाने इन्सर्टमध्ये लावता येतात.

मोकळेपणाने याचा अर्थ मात्र अमर्याद नव्हे. संगणकाचा प्रोसेसर भार वाढला की कुरकुरतो आणि कसेबसे चालवून नेतो. डीएसपी चिप भरली की पुढचे प्लगइन लागतच नाही. शिवाय यूएडीमध्ये सर्वसाधारणपणे एका प्लगइनची एक प्रत एकाच चिपवर मावावी लागते. चार चिपांपैकी प्रत्येकीवर 25 टक्के जागा शिल्लक असेल तर बेरीज 100 टक्के दिसते, पण 40 टक्के मागणारे टेप किंवा रिव्हर्बचे प्लगइन तरीही नाकारले जाते. म्हणून जड प्लगइन्स आधी लावावीत आणि उरलेल्या फटींत हलकी बसवावीत. मोनो ट्रॅकवर मोनोच प्रत लावावी. मीटरमध्ये भाराबरोबर प्रोग्रॅम आणि मेमरीचे आकडेही पाहावेत, कारण भार कमी असूनही मेमरी संपल्यामुळे प्लगइन नाकारले जाऊ शकते.

जागा मोजकी असल्याने ती कुठे खर्च करायची याचे माझे उत्तर ठरलेले आहे. मुख्य गायनाचा कम्प्रेसर, तालवाद्यांची बस, एक चांगला रिव्हर्ब आणि मास्टरवरील प्रक्रिया या चार ठिकाणी हार्डवेअर वापरावे. खालचे खर्ज कापणारे साधे फिल्टर आणि दुरुस्तीचे इक्वलायझर संगणकाच्या प्रोसेसरवर ठेवावेत. तिथे फरक ऐकू येत नाही. प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्र रिव्हर्ब लावण्याऐवजी एक बस करून सेंडने आवाज पाठवावा.

क्रमालाही महत्त्व आहे. एकाच ट्रॅकवर संगणकाचे, मग कार्डाचे, मग पुन्हा संगणकाचे अशी आळीपाळी केली तर कार्डाकडे होणाऱ्या फेऱ्या वाढू शकतात. एचडीएक्सवर तर संगणकावर चालणारी प्लगइन्स आधी आणि डीएसपीवरची नंतर, हा क्रम पाळलाच पाहिजे, कारण डीएसपीच्या पाठीमागे संगणकाचे प्लगइन आले की आवाजाला कार्डावरून संगणकात आणि परत अशी जादा फेरी मारावी लागते आणि त्यात व्हॉइसही (कार्डाच्या मर्यादित आवाज-वाहिन्या) खर्ची पडतात.

पाचवी पायरी: भरपाई खरी आहे का, याची चाचणी

सॉफ्टवेअर भरपाई करते यावर विसंबून न राहता प्रत्येक नव्या जोडणीनंतर एकदा पडताळून पाहावे. ढोलकीसारख्या तीव्र आघाताच्या वाद्याचा एक ट्रॅक घेऊन त्याची हुबेहूब प्रत करावी. एका ट्रॅकवर डीएसपी प्लगइन लावून ते त्याच्या स्वतःच्या खिडकीतील बटणाने बायपास करावे, म्हणजे फेरी होईल पण आवाज बदलणार नाही. दुसऱ्या ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटी करावी आणि दोन्ही एकाच पातळीवर वाजवावेत. संपूर्ण शांतता आली तर भरपाई अचूक आहे. पातळ, पत्र्यासारखा आवाज उरला तर दोन्हींत काही सॅम्पल्सचे अंतर राहिले आहे. मग एक क्लिक त्या वाटेने पाठवून नव्या ट्रॅकवर मुद्रित करावी, दोन्ही लहरी मोठ्या करून सॅम्पल्समधील अंतर मोजावे आणि तेवढा आकडा ट्रॅकच्या विलंबाच्या रकान्यात हाताने भरावा. हीच चाचणी बसवरून आणि समांतर वाटेवरूनही करावी. ट्रॅकवर बरोबर असलेली भरपाई सेंडच्या वाटेवर चुकलेली मी पाहिली आहे.

केबलने जोडलेला खरा अ‍ॅनालॉग कम्प्रेसर वापरत असाल तर सॉफ्टवेअरला त्याचा विलंब आपोआप कळत नाही. लॉजिकच्या आय/ओ प्लगइनमध्ये, क्यूबेसच्या बाह्य इफेक्टच्या जोडणीत आणि रीपरच्या रीइन्सर्टमध्ये एक स्पंद पाठवून हा वेळ मोजण्याची सोय आहे. मोजताना त्या उपकरणाची प्रक्रिया बायपास ठेवावी आणि बफर बदलल्यास मोजमाप पुन्हा करावे.

सहावी पायरी: फ्रीझ, बाउन्स आणि जतन

चिपा भरल्या की एखाद्या ट्रॅकचे काम पक्के झाल्यावर तो फ्रीझ करावा (प्रक्रियेसह तात्पुरता गोठवावा) किंवा प्रक्रियेसह नव्या ट्रॅकवर उतरवावा. त्याने मोकळी झालेली जागा दुसरीकडे वापरता येते. उतरवलेल्या ट्रॅकच्या नावात कोणते प्लगइन आणि कोणती मांडणी वापरली ते लिहावे आणि मूळ कोरडा ट्रॅक निष्क्रिय करून लपवून ठेवावा, पुसू नये. अंतिम बाउन्स, म्हणजे पूर्ण मिश्रणाची फाइल काढणे, संगणकाच्या वेगाने होत असला तरी डीएसपीची फेरी त्याला ओढून धरते, त्यामुळे अपेक्षेइतका वेळ वाचत नाही. खरे अ‍ॅनालॉग उपकरण वाटेत असेल तर बाउन्स प्रत्यक्ष गाण्याच्या लांबीइतक्याच वेळात करावा लागतो. दोन्ही प्रकारांत तयार झालेली फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावी.

जतनाच्या बाबतीत हार्डवेअरवरची प्लगइन्स नाजूक ठरतात. ते उपकरण नसलेल्या संगणकावर प्रकल्प उघडला तर त्या प्लगइन्सच्या जागा रिकाम्या राहतात. उत्पादनेही कायमची नसतात. टीसी इलेक्ट्रॉनिकचे पॉवरकोअर एके काळी अनेक ध्वनिमुद्रणगृहांत होते आणि पुढे ते बंद झाले. म्हणून काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅकच्या दोन फाइली काढाव्यात, एक कोरडी आणि एक प्रक्रियेसह, आणि दोन्ही गाण्याच्या शून्य क्षणापासून सुरू होणाऱ्या असाव्यात. प्रत्येक डीएसपी प्लगइनच्या खिडकीचे चित्रही त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. नंतर तो फोल्डर हार्डवेअर न जोडलेल्या संगणकावर नेऊन प्रक्रियेसहच्या फाइली एका कोऱ्या प्रकल्पात ओळीने मांडाव्यात, अंतिम मिश्रणाशेजारी वाजवाव्यात आणि एखादी फाइल मागेपुढे सरकलेली आढळली तर उपकरण हाताशी आहे तोवरच ती पुन्हा काढून घ्यावी.